सत्तर वॉनची उधारी

१६ जून १९९८. जगातल्या सगळ्यात कडक पहाऱ्याच्या सीमांपैकी एक, उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मधली. दोन्हीकडे सुरुंग, काटेरी तारा आणि बंदुका रोखून उभे असलेले जवान. १९५३ साली इथली लढाई थांबली, पण शांतता करार झालाच नाही. म्हणजे कागदोपत्री युद्ध अजून चालूच. अशा ठिकाणी त्या सकाळी दक्षिणेकडून ट्रकची लांबलचक रांग येऊन उभी राहिली. पन्नास ट्रक, आणि त्यात चक्क ५०० गुरं! गुरांचा मालक, ८२ वर्षांचा एक म्हातारा, पायी सीमा ओलांडून पलीकडे गेला. अख्खा देश टीव्हीसमोर बसून हे बघत होता.

हा म्हातारा म्हणजे चुंग जू-युंग. ह्युंदाईचा संस्थापक. तीच ती ह्युंदाई, जिची आय-टेन तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभी असेल. आणि नसेल, तर मामाच्या किंवा काकाच्या सँट्रोत मागच्या सीटवर चौघं कोंबून तुम्ही लहानपणी गावाला गेलाच असाल. पण गाड्या बनवणाऱ्या माणसाला गुरं न्यायचं काय सुचलं? तर त्याच्यावर एक जुनी उधारी होती. बापाच्या गायीची.

गोष्ट सुरू होते १९१५च्या नोव्हेंबरात, असान नावाच्या एका खेड्यात. हे खेडं आज उत्तर कोरियात आहे. तेव्हा उत्तर-दक्षिण असं काही नव्हतं, सगळाच कोरिया जपानच्या ताब्यात होता. घरची शेती म्हणजे डोंगराळ जमिनीचे तुकडे, वर्षभर राबूनही हिवाळ्यात पोटभर जेवणाची खात्री नाही. जू-युंग थोरला, पाठीवर भावंडांची रांग. प्राथमिक शाळा झाली, शिक्षण संपलं. बापाचं गणित सरळ होतं: थोरल्याने शेती करायची, धाकट्यांची लग्नं लावायची. पण गावच्या प्रमुखाकडे वर्तमानपत्र यायचं आणि ते पोराच्या हाती लागायचं. शहर नावाची गोष्ट डोक्यात शिरली ती तिथून.

पोरगा घरातून पळाला. एकदा नाही, चार वेळा. पहिल्यांदा रेल्वेच्या बांधकामावर मजुरी करायला लागला, बापाने शोधून परत आणलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी त्याने बापाने गाय विकून ठेवलेले ७० वॉन उचलले, सोलची गाडी पकडली आणि हिशेबनीस व्हायच्या क्लासमध्ये नाव घातलं. बाप तिथेही पोचला. शहरात शिकलेल्यांनाच नोकऱ्या नाहीत, तुला कोण विचारणार, असं त्याने समजावलं. म्हातारपणी आमचं काय, असंही विचारलं. पोरगा मुकाट्याने परत गेला. पुढे पुन्हा दुष्काळाचं वर्ष आलं आणि चौथ्यांदा, अठराव्या वर्षी, तो कायमचाच निघाला. ते ७० वॉन परत करायचे राहूनच गेले.

इंचॉनच्या बंदरात हमाली करताना तो मजुरांच्या खोलीत राहायचा. हॉस्टेल किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांना पुढचा प्रसंग कळेल. खोलीत ढेकणांचा सुळसुळाट. जमिनीवर झोपवेना म्हणून पोरं टेबलावर झोपायला लागली, तर ढेकूण टेबलाच्या पायांवरून वर. मग टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले. दोन रात्री बऱ्या गेल्या. तिसऱ्या रात्री पुन्हा चावे! दिवा लावून पाहिलं, तर ढेकूण भिंतीवरून छतावर चढून नेम धरून अंगावर टपकत होते. चुंगने हा किस्सा आयुष्यभर सांगितला. हे जमणार नाही म्हणत फाइल परत आणणाऱ्या इंजिनीअरची अक्कल तो ढेकणाशी ताडून बघायचा. बॉस म्हणून तसा अवघडच माणूस.

मग सोलमध्ये तांदळाच्या दुकानात नोकरी लागली. सायकलवरून पोती पोचवायची. सायकल धड येत नव्हती; सुरुवातीलाच पावसात पोत्यांसकट चिखलात लोळण. त्यानंतर रात्री जागून पोतं लादलेली सायकल चालवायची प्रॅक्टिस केली. पहाटे मालकाच्या आधी उठून दुकान झाडायचं, वह्या नीट मांडायच्या. तिसऱ्या पळण्यातली ती हिशेबाची अर्धवट विद्या इथे कामी आली. मालकाचा स्वतःचा मुलगा उधळ्या निघाला, म्हणून त्याने दुकान सरळ या नोकरालाच चालवायला दिलं. भांडवल शून्य. माल उधारीवर, महिन्याच्या शेवटी पैसे चुकते. पण १९३९च्या सुमाराला जपानी सरकारने तांदळाचं रेशनिंग केलं आणि चालतं दुकान बंद झालं.

गाड्यांचा संबंध इथे येतो. १९४० साली चुंगने कर्ज काढून गाड्या दुरुस्तीचं गॅरेज घेतलं. ते घेऊन महिनाही झाला नसेल, तोच पहाटे एका कामगाराच्या हातून आग लागली. गॅरेज जळालं आणि दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्याही जळाल्या. म्हणजे कर्ज आहेच, वर भरपाई. आपल्यापैकी कुणीही अशा वेळी फोन स्विच ऑफ केला असता. चुंग ज्याच्याकडून पैसे घेतले होते त्याच सावकाराच्या दारात गेला आणि आणखी पैसे मागितले. ते दिले नाहीत तर मी पहिलेही फेडू शकणार नाही, हे सरळ सांगितलं. म्हाताऱ्या सावकाराने तारणाशिवाय पुन्हा पैसे दिले. आजवर माणूस बघून कर्ज दिलं आणि एकदाही बुडालं नाही, याचा त्याला अभिमान होता. तो मोडायची त्याची इच्छा नव्हती.

दुसऱ्या गॅरेजात चुंगने एक साधी गोष्ट ओळखली. बाकीचे मेकॅनिक बारीकसा बिघाड मोठा करून सांगायचे, गाडी दहा दिवस अडकवून ठेवायचे आणि तेवढं बिल लावायचे. तेव्हा गाडी असणारा माणूस म्हणजे श्रीमंत. त्याला पैशांपेक्षा गाडीवाचून अडलेले दिवस जास्त खुपायचे. चुंगने दहा दिवसांचं काम तीन दिवसांत द्यायला सुरुवात केली आणि पैसे जास्त घेतले. रांग लागली! त्या रांगेतल्या गाड्या खोलता खोलता तो इंजिन शिकला. शाळेत नाही, ग्रीसमध्ये.

इथून पुढे त्यांना ‘तो’ म्हणणं बरं नाही. जपान गेल्यावर १९४६ साली त्यांनी पुन्हा गॅरेज काढलं आणि पाटीवर नाव लिहिलं ह्युंदाई. अर्थ: आधुनिक. पुढच्याच वर्षी बांधकाम कंपनी. कारण? सरकारी कचेरीत गॅरेजचं बिल वसूल करायला गेले असताना शेजारी कंत्राटदारांना मिळणाऱ्या रकमा दिसल्या. कोरियन युद्धात ते दक्षिणेला बुसानला पळाले. धाकटा भाऊ इंग्रजी जाणणारा, त्याच्यामार्फत अमेरिकन सैन्याची कामं मिळाली. युद्धानंतर गोर्यॉंगचा पूल बांधायला घेतला, तर महागाई इतकी भडकली की कंत्राटाच्या रकमेत काम होईना. सोडून देता आलं असतं. त्यांनी ते तोट्यात पुरं केलं. त्यासाठी घरच्या माणसांची घरं विकली गेली. हा व्यवहार शहाणपणाचा होता की हट्टाचा, ते तुम्हीच ठरवा. पण पुढची मोठमोठी सरकारी कंत्राटं त्यांना मिळत गेली. सोल ते बुसान ४२८ किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेचा मोठा भाग ह्युंदाईनेच बांधला. १९७० साली तो रस्ता अडीच वर्षांच्या आत पुरा झाला. या घाईत ७७ जणांचा जीव गेला, हेही त्याच रस्त्याच्या हिशेबात धरायला हवं.

रस्ता झाला, आता त्यावर धावणार काय? ह्युंदाई मोटर कंपनी १९६७च्या डिसेंबरात स्थापन झाली. सुरुवात अगदी साधी: फोर्डची कॉर्टिना. सुटे भाग बाहेरून आणायचे, उल्सानच्या कारखान्यात जोडायचे. गिऱ्हाईक मुख्यतः टॅक्सीवाले, तेही हप्त्यावर घेणारे. आणि बोंब झाली. चांगल्या डांबरी रस्त्यांसाठी बनलेली गाडी कोरियाच्या खड्ड्यांत खिळखिळी व्हायला लागली. त्यात कारखान्यात पुराचं पाणी शिरलं, भिजलेल्या गाड्या विकल्याची कुजबुज सुरू झाली. टॅक्सीवाल्यांनी हप्ते थांबवले, कॉर्टिनाच्या नावावर डोकेदुखी या शब्दाची कोटी केली. आज एखाद्या फोनला मीम्समध्ये धुतात ना, तसंच.

फोर्डबरोबर कोरियातच इंजिन बनवायची बोलणी चालली होती, ती फिसकटली. फोर्डला आपल्या जगभरच्या पसाऱ्यात एक जोडणी केंद्र हवं होतं. चुंगना स्वतःच्या नावाची, परदेशात विकता येईल अशी गाडी हवी होती. मग त्यांनी काय केलं, तर गाडी बनवता येत नाही हे मान्य करून ती तुकड्यातुकड्यांनी जमवली. डिझाइन इटलीच्या जॉर्जेटो जुजारोचं, फोक्सवॅगन गोल्फ काढणाऱ्याचं. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तंत्र जपानच्या मित्सुबिशीचं. कारखाना उभा करायला ब्रिटिश लेलँडमधून आलेला जॉर्ज टर्नबुल. कंपनीची सूत्रं धाकटे भाऊ चुंग से-युंग यांच्याकडे. १९७४ साली इटलीच्या तुरिनमध्ये गाडी दाखवली, १९७६ साली ती कोरियाच्या रस्त्यावर आली. नाव पोनी. छोटी, टोकदार, मागच्या बाजूला उतरत जाणारी. पहिल्याच वर्षी दहा हजारांहून जास्त खपल्या. त्याच वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोनी जहाजातून इक्वेडोरला गेल्या. तुम्ही म्हणाल, इक्वेडोरच का? कारण आधी अशा ठिकाणी चालवून बघायचं होतं, जिथे फजिती झाली तरी फार बोभाटा होणार नाही. हुशारीच म्हणायची.

चुंग यांच्या चरित्रात गाड्यांपेक्षा जहाजांचा किस्सा जास्त गाजलेला आहे. जहाज बांधायचा अनुभव शून्य असताना लंडनमध्ये कर्ज मागायला गेलेल्या या माणसाने खिशातून ५०० वॉनची नोट काढून तिच्यावरचं सोळाव्या शतकातलं कोरियन युद्धजहाज दाखवलं, आम्ही तुमच्या कितीतरी आधी जहाजं बांधत होतो म्हणून. भारीच. पण मला विचाराल तर १९८० सालचा निर्णय त्याहून मोठा. सत्तेवर नुकतेच आलेले लष्करशहा चुन डू-ह्वान यांनी उद्योगांची सक्तीची फेरवाटणी काढली. ह्युंदाईने वीजनिर्मितीची यंत्रसामग्री आणि मोटारी यातलं एकच ठेवायचं, दुसरं सोडायचं. यंत्रसामग्रीत खात्रीचा पैसा होता. मोटारी तेव्हा मंदीत अडकलेल्या, तेलाचे भाव भडकलेले. चुंगनी मोटारी ठेवल्या. गाडी सोडली तर कोरियाची स्वतःच्या नावाची गाडी संपली, पुढे फक्त परक्यांच्या गाड्या जोडणं उरेल, असा त्यांचा हिशेब होता.

१९८४ साली पोनी कॅनडात गेली. अंदाज होता पाच हजारांचा, खपल्या पंचवीस हजारांवर. मग १९८६ साली अमेरिका. गाडी एक्सेल, किंमत ४,९९५ डॉलर. अमेरिकेत त्या किमतीत लोक सेकंडहँड गाडी घ्यायचे. पहिली नोकरी लागलेली मुलं, कॉलेजचे विद्यार्थी, घरात दुसरी गाडी हवी असलेली कुटुंबं, सगळे तुटून पडले. पहिल्या वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या गेल्या. परदेशी कंपनीला अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी एवढं यश कधी मिळालं नव्हतं.

आणि इथेच गाडी घसरली. दोन-तीन वर्षांत मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पत्रा गंजतो, पुर्जे लवकर जातात, विकायला काढली तर कुणी विचारत नाही. कर्जाचे हप्ते संपायच्या आत गाडी संपते, असा अनुभव. टीव्हीवरचे रात्रीचे विनोदवीर ह्युंदाईवर जोक मारायला लागले. खप उतरत उतरत १९९८ साली वर्षाला नव्वद हजारांवर आला. ज्या माणसाचं पहिलं दुकान, पहिलं गॅरेज, पहिलं कर्ज निव्वळ पत बघून मिळालं होतं, त्याच्या नावाची गाडी दुसऱ्या खंडात पत घालवलेल्या मालाचं उदाहरण झाली. स्वस्तात विकायची घाई त्यांचीच होती. एक्स्प्रेसवेवर दिसलेली तीच घाई.

त्या घाईची किंमत घरच्या कामगारांनीही मोजली. चुंग पहाटे उठायचे, मजुरांबरोबर कुस्ती खेळायचे, गायचे. मी श्रीमंत झालेला मजूर आहे असं सांगायचे. पण त्यांच्या कारखान्यांत युनियनला जागा नव्हती. १९८७च्या उन्हाळ्यात उल्सान पेटलं. हजारो कामगार रस्त्यावर आले. पगारवाढ आणि युनियनबरोबर त्यांची एक मागणी होती, केस किती वाढवायचे हे आमचं आम्हाला ठरवू द्या! कारण गेटवर केसांची लांबी तपासली जायची. स्वतः मजुरी केलेल्या माणसाला हे कळू नये, याचं कोडं मला सुटलेलं नाही. युनियन शेवटी झालीच.

त्यानंतरचं राजकारण थोडक्यात आटपू, कारण ते त्यांनाही जमलं नाही. १९९२ साली स्वतःचा पक्ष काढला, संसदेत ३१ जागा मिळवल्या आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. १६ टक्के मतं, तिसरा नंबर. प्रचारात कंपनीचा पैसा वापरल्याबद्दल खटला झाला, शिक्षा झाली. वयाकडे बघून तुरुंगात पाठवलं नाही, पुढे माफी मिळाली.

आता परत १९९८. आशियातल्या आर्थिक संकटात कोरिया कर्जबाजारी झालेला. चुंग थकलेले, मोटारींचा कारभार भावाकडून मुलाकडे, मोंग-कू यांच्याकडे, निघालेला. त्याच सुमाराला अमेरिकेत ह्युंदाईने एक अचाट घोषणा केली: इंजिन आणि गिअरबॉक्सला दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची वॉरंटी. गाडी बिघडली तर खर्च आमचा. वरवर ही जाहिरातबाजी वाटेल, पण आतून कारखान्याची मान अडकवलेली होती. दहा वर्षं फुकट दुरुस्ती करायची नसेल, तर गाडी मुळात बिघडताच कामा नये. जळालेल्या गॅरेजची आठवण येते ना? पहिलं कर्ज फेडण्यासाठी दुसरं मागायचं, आणि मग दोन्ही फेडायची.

आपल्याकडे ह्युंदाई आली तीही त्याच वर्षी. चेन्नईजवळच्या कारखान्यातून २३ सप्टेंबर १९९८ला सँट्रो बाहेर पडली. मारुतीचं राज्य होतं. ह्युंदाई हे नाव नीट उच्चारता येणारी माणसं कमी. शाहरुख खानला जाहिरातीत घेतलं ते म्हणूनच. उंच टपामुळे गाडीची चेष्टा झाली. पण किंमत तीन लाखांच्या आसपास, इंजिन आधुनिक, आणि त्या उंच टपाची जादू चालवल्यावर कळायची. ज्यांच्या घरी होती त्यांना विचारा: आजीला न वाकता बसता यायचं, पाय दुमडून बसावं लागायचं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या कोरियन कंपनीची, देवूची मटीझ आली. दिसायला कितीतरी गोड. आणि डिसेंबरात पुण्यातून टाटांची इंडिका. यातली देवू दोन-तीन वर्षांत कोरियातच दिवाळखोरीत गेली आणि मटीझवाले पार्टसाठी जुन्या बाजारात फिरायला लागले. सँट्रो मात्र २०१४पर्यंत बनत राहिली. आज तळेगावला जनरल मोटर्सचा जो कारखाना बंद पडला होता, तोही ह्युंदाईने घेतलाय.

आणि जूनमधली ती गुरं? ऑक्टोबरात चुंग पुन्हा गेले, या वेळी ५०१ घेऊन. बेरीज १,००१. आपल्याकडे आहेराच्या पाकिटाला एक रुपया चिकटवलेला असतो, तसा हा वरचा एक. ही गुरं त्यांनी सोसानच्या शेतावर वाढवली होती. ते शेतही समुद्र हटवून मिळवलेलं. बांधाच्या शेवटच्या तोंडातून पाणी आवरेना, तेव्हा त्यांनी तिथे एक जुनं तेलवाहू जहाज आडवं घालून बुडवलं होतं.

शेवटची दोन वर्षं चांगली गेली नाहीत. वारसा कुणाचा यावरून मुलांमध्ये उघड भांडण झालं, समूहाचे तुकडे पडले, मोटारी वेगळ्या झाल्या. घरात जुनाच टीव्ही, पायांत तळ बदलून बदलून वापरलेले बूट. २१ मार्च २००१ला, ८५व्या वर्षी ते गेले. सोलमधलं ते हॉस्पिटल त्यांच्याच ट्रस्टने उभारलेलं, आणि त्याचं नाव असान, सीमेपलीकडे राहिलेल्या त्या खेड्यावरून. त्या आठवड्यात अंत्यदर्शनाला येणाऱ्यांच्या रांगेत उत्तर कोरियाहून आलेलं शिष्टमंडळही होतं.